माती मोजणारा गज, नंबर दोनशे बारा

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला लोखंडी गज आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, आपल्या उमेदीच्या गोष्टी सांगून ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणावं, असा रिवाज आहे म्हणे. मला तो जमायचा नाही. माझ्या तोंडी एक खोटं घातलं गेलं, तेही सरकारी शिक्क्यानिशी, आणि त्या खोट्यापायी चाळीस गावांची माती वाऱ्यावर सोडली गेली. मग मी गोड कशाला बोलू?

बेळगावच्या नागोजी लोहारानं मला घडवलं. साल एकोणीसशे चौतीस. मी मूळचा एका मोडक्या टांग्याचा आस. नागोजीनं मला भट्टीत लाल केलं, दोन तुकडे पाडले, ठोकून सरळ केलं, खाली अणी काढली आणि मधोमध एक पितळी कडं बसवलं. कड्याच्या वर आणि खाली त्यानं बारीक खाचा पाडल्या. दोन खाचांत एका सुताचं अंतर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुठल्याही सुताराला विचारा. एक खाच केसभर तिरकी पडली तर नागोजीनं ती घासून काढली आणि पुन्हा पाडली. "मापाचा गज हाय," भाता ओढणाऱ्या बायकोला तो म्हणाला, "ह्यो खोटं बोलला तर नाव माझं जाणार." बिचारा! इतकी काळजी त्याच्यानंतर माझी फक्त एका बाईनं घेतली, आणि तिनं घेतली तीच नडली. ते पुढं सांगतो.

पावसाचं पाणी दरसाल देशाची किती माती वाहून नेतं ते मोजायचं, असं तेव्हा सरकारच्या मनात आलं होतं. त्यासाठी मातीमोजणीचं एक नवं खातं निघालं. हिमालयाच्या पायथ्यापासून कन्याकुमारीपर्यंत, सिंधपासून आसामपर्यंत गज रोवायचे होते. काम अगदी सोपं. गज जमिनीत ठोकायचा, पितळी कडं मातीच्या बरोबरीला आणायचं आणि पाऊस सरला की येऊन बघायचं. माती गेली असेल तर कडं उघडं पडतं. कड्याखालच्या जेवढ्या खाचा दिसतील तेवढी सुतं माती गेली. माती साठली असेल तर कडं पुरलं जातं. मग वरच्या किती खाचा बुडाल्या ते मोजायचं. एका सुताला हसू नका हं. एका एकरावरून सूतभर माती गेली, म्हणजे पंचवीस बैलगाड्या भरून माती गेली.

पण एवढा थोरला देश, दर शेतात गज कुठून रोवणार? म्हणून चाळीस गावांमागं एक गज. एका गजापाशी जे घडेल ते चाळीसही गावांत घडलं, असं धरून चालायचं. माझ्या आसाचा दुसरा तुकडा दोनशे तेरा नंबर होऊन निपाणीकडं गेला. मला दोनशे बारा नंबर मिळाला, आणि चाळीस गावांचा कारभारी झालो म्हणून माझी छाती फुगली. लोखंडालाही गर्व होतो, काय सांगू.

मला रोवलं येळ्ळूरच्या गडाखाली, भरमू आणि बाळाबाई या नवरा-बायकोच्या उताराच्या शेतात. त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला सरकारी गायरान होतं, उघडंबोडकं. पाऊस लागला की गायरानातलं सगळं पाणी धावत खाली यायचं आणि बाळाबाईच्या शेतातली तांबडी माती घेऊन ओढ्यात उतरायचं. सासऱ्याच्या वेळी त्या शेतात जोंधळा डोक्याच्या वर जाई. आता तो कमरेला लागत नव्हता, आणि वरच्या कोपऱ्यात मुरूम दिसू लागला होता. उपाय भरमूलाही ठाऊक होता: गायरानात आडवी ताल घालायची, म्हणजे दगडमातीचा बांध, की पाणी तिथंच अडेल. पण गायरान सरकारचं. तिथं कुदळ मारली की गुन्हा.

मला रोवायला केशवराव आले. बेळगावातल्या जुन्या घराण्यातला माणूस. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, सायकलीला छत्री बांधलेली. खात्याचे मोजणीदार. त्यांनी भरमूला नीट बजावलं, "गजाच्या चारी बाजूंना हातभर नांगर आणायचा नाही. दरसाल दोन सुतांपेक्षा जास्त माती गेली असं दिसलं, तर सरकार स्वतः गायरानात ताल घालून देणार आहे."

"दोन सूत?" बाळाबाई पदर खोचत म्हणाली. "आण्णा, माझी माती जातीया ते मला दिसतंय की. त्येला ह्यो लोखंडाचा साक्षीदार कशाला?"

"बाई, तुमचं दिसणं कागदावर येत नाही. याचं येतं."

"येऊ द्या तर. लवकर येऊ द्या म्हंजे झालं."

म्हणजे बघा मित्रांनो, त्या बाईच्या शेताचं सगळं भवितव्य माझ्या खाचांवर होतं. मुरूम वर यायच्या आत मी खरं बोलायचं आणि ताल पडायची. बस्स, एवढंच मागणं होतं.

आता चूक कशी झाली ते ऐका. रोवणी झाल्यावर पाहणीला एक गोरा साहेब आला. कड्याची पातळी बघायला त्यानं टोपी काढली, दोन्ही गुडघे मातीत टेकले आणि माझ्यासमोर पार ओणवा झाला. बाळाबाई बांधावरून बघत होती. संध्याकाळी ती भरमूला म्हणाली, "अवो, ज्येच्याम्होरं साहेब गुडघं टेकतोय, त्यो नुसता गज नसणार. मातीचा राखणदार हाय त्यो." दुसऱ्या दिवशी मला कुंकू लागलं, अमावास्येला नारळ फुटला. मी काय बोलणार? मला बरंसुद्धा वाटलं.

मग पाऊस लागला. येळ्ळूरचा पाऊस म्हणजे धो धो, चार-चार दिवस उघडीप नाही. गायरानातलं पाणी माझ्या दोन्ही बाजूंनी सळसळत गेलं आणि माझ्या पायाची माती सुटू लागली. आषाढ संपायच्या आत कड्याखालच्या दोन खाचा उघड्या पडल्या. मी मनात म्हटलं, ठीक! आता केशवराव येऊ देत. पण आधी आली बाळाबाई. तिनं मला बघितलं आणि ती कळवळली. "आगं बया, देवाचं पाय उगडं पडलं!"

त्या मुलखात शेतातल्या देवाचे पाय उघडे ठेवत नाहीत. म्हसोबा असो, नाहीतर नुसता शेंदूर फासलेला दगड असो, पावसानं त्याच्या बुडाची माती गेली की घरची बाई मातीची भर घालते आणि वर शेणानं सारवते. तसं केलं नाही तर घरधन्याचे पाय उघडे पडतात, म्हणजे घर उघड्यावर येतं, असं म्हणतात. बाळाबाईनं ओढ्याकाठी वाहून गेलेली तांबडी माती पाटीत भरली, पाटी डोक्यावर घेऊन चिखलातून वर आली आणि माझ्या बुडाशी दाबून दाबून बसवली. कडं झाकलं. आणखी देवाचा मान म्हणून थोडासा चढ ठेवला आणि वरून शेणाचा हात फिरवला. अहो, मी ओरडत होतो! नको गं बाई, नको, मला उघडा राहू दे, उघडा राहिलो तरच तुझं भलं आहे! पण लोखंडाची ओरड कुणाला ऐकू येते? त्या पावसाळ्यात तिनं तीनदा भर घातली, आणि दर वेळी हात जोडून एकच मागितलं, "माझी माती राख रं बाबा."

तिच्यावर मी रागावलेलो नाही. कसा रागावेन? माझा राग पुढं आहे.

दसरा झाल्यावर केशवराव आले. त्यांनी माझं कुंकू बघितलं. माझ्या बुडाशी हातभर घेरात शेणाचं सारवण होतं, त्यावर बाळाबाईची पाचही बोटं उमटलेली होती, तीही त्यांनी बघितली. ते ओणवे झाले, पट्टी लावली आणि वहीत लिहिलं: माती दोन सूत वाढली. एक शब्द विचारला नाही! अहो, आंधळ्यालाही वासावरून शेण कळतं. पण खात्याच्या नियमात लिहिलं होतं, गज वाचावा. विचारावं असं कुठं लिहिलं नव्हतं. शिवाय त्यांना त्या महिन्यात तीस गज वाचायचे होते आणि सायकलीचं चाक वाकलं होतं. त्यांनी वही मिटली, छत्री बांधली आणि गेले.

दुसऱ्या साली पुन्हा तेच. तिसऱ्या साली पुन्हा तेच. बाळाबाई भर घालत होती, केशवराव सारवण बघत होते आणि वाढ लिहीत होते. मी तीन वर्षं दातओठ खात उभा. आणि मग खात्याचा नकाशा छापून आला. जिथली माती जाते ते मुलूख तांबडे, जिथं साठते ते हिरवे. माझी चाळीसच्या चाळीस गावं हिरवीगार! उघड्या टेकडीवर, धो धो पावसात, गायरानाच्या तोंडाशी म्हणे माती वाढते. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही वाटलं नाही की बाबांनो, पाणी कधीपासून डोंगर चढायला लागलं?

चौथ्या साली केशवराव आले, ते ताल नामंजूर झाल्याचा कागद घेऊनच. बाळाबाईनं त्यांना गुळपाणी दिलं आणि विचारलं, "आण्णा, ताल कवा पडणार?"

"ताल पडायची नाही, बाळाबाई. तुमच्याकडं माती वाढते आहे. कागदच तसं सांगतो."

ती आधी हसली. थट्टा करतात असं वाटलं तिला. मग तिनं त्यांच्या कोटाची बाही धरली आणि त्यांना ओढत वरच्या कोपऱ्यात नेलं. तिथं आता चांगला दोन खाटांएवढा मुरूम उघडा पडला होता. "ह्ये वाढलंय? बघा की डोळं उगडून! माती न्हाय, माझं कपाळ वाढलंय हितं!"

भरमू कमी बोलणारा माणूस. तो माझ्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आण्णा, तुमी मोजतासा कुठनं, ते तरी दावा."

केशवरावांनी बोट ठेवून दाखवलं. हे कडं. माती कड्याखाली तर गेली, कड्यावर तर वाढली.

बाळाबाई माझ्या बुडाशी आपल्याच बोटांच्या खुणांकडं बघत राहिली. "ही माती मी घातलीया," ती म्हणाली. "पाय उगडं नको म्हणून घातली. दरसाल घातली. आण्णा, तुमाला दिसलं न्हाय?"

मग बाळाबाईनं मला हात जोडले, "देवा, माफी कर," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी भर उकरू लागली. शेणाचा पापुद्रा गेला, चार वर्षांची दाबलेली माती गेली आणि खालची घट्ट जमीन लागली. भरमूनं एकेक खाच बोटानं मोजली. बारा. बारा सूत! एकराला तीनशे गाड्या माती चार पावसाळ्यांत गेली होती. मी उघडा पडलो आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"आता मोजा," बाळाबाई म्हणाली. "आता लिवा खरं."

केशवराव वही छातीशी धरून उभे. "बाळाबाई, हात लागलेल्या मातीची मोजणी नियमात बसत नाही."

ऐकलंत? मित्रांनो, कान उघडून ऐका. तीन वर्षं हातानं घातलेली माती नियमात बसली. हातानं काढलेली बसेना! खोटं नियमात बसलं आणि खरं बाहेर राहिलं. माझं सगळं लोखंड तापलं तेव्हा, आणि ते अजून निवलेलं नाही.

बाळाबाई गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको चालत बेळगावला गेली, खात्याच्या कचेरीत. तिथं काय झालं ते तिनं परत येऊन माझ्यासमोर बसून सगळं ओकलं, म्हणून मला कळलं. रघुवीरराव नावाचे हेडक्लार्क होते. त्यांच्यासमोर उभं राहून ती म्हणाली, "गुन्हा माजा हाय. शिक्षा मला करा, मातीला नगो."

रघुवीररावांनी केशवरावांना बोलावलं. "तुम्हांला तिथं काही दिसलं नव्हतं ना?" प्रश्न असा विचारला की उत्तर 'नाही' असंच यावं. केशवराव म्हणाले, "दिसलं होतं. तिन्ही वर्षं दिसलं."

शाबास म्हणावंसं वाटलं मला, पण तीन वर्षं उशीर झाला होता. रघुवीरराव म्हणाले, "दिसलं असलं तरी आता लिहू नका. एक गज रद्द केला तर वरचे विचारतील, बाकीच्यांचं काय? नकाशा छापून भिंतीवर लागलेला आहे, आणि ती चाळीस गावं त्यात हिरवी आहेत." आणि त्यांनी हुकूम काढला: गज नंबर दोनशे बारा संशयास्पद, उपटून टाकावा, जुनी नोंद कायम ठेवावी. म्हणजे खोटारडा मी ठरलो, आणि माझ्या नावावरचं खोटं तेवढं खरं ठरलं! नागोजीनं घासून घासून पाडलेल्या माझ्या खाचा, आणि संशयास्पद मी?

मला उपटायला केशवरावच आले. फार जोर लागला नाही. बुडाला मातीच कुठं उरली होती? त्यांनी मला सायकलीला बांधलं नाही. बांधावर आडवा ठेवला, बाळाबाईकडं न बघता "येतो" म्हणाले आणि गेले.

बाळाबाई आठ दिवस माझ्याकडं बघत होती. नवव्या दिवशी तिनं मला उचललं. "देवा, लई बसून खाल्लंस," ती म्हणाली. "आता कामाला लाग." आणि मला खांद्यावर टाकून ती सरळ गायरानात चढली. तिनं माझी पहार केली. माझ्या अणीनं तिनं दगड उपसले, भरमूनं ते रचले, मागून भावकीतल्या बायका पाट्या घेऊन आल्या. दोन महिन्यांत गायरानाच्या तोंडावर आडवी ताल उभी राहिली, कमरेएवढी. माझं टोक बोथटलं, दोन खाचा चेपल्या. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम ते.

बातमी कचेरीत पोचली. सरकारी जमिनीत खोदाई! रघुवीरराव स्वतः टांगा करून आले, हातात पेन्सील आणि गुन्ह्याचा कागद. "ही ताल कुणी घातली?"

भरमू पुढं होणार तोच बाळाबाईनं त्याला मागं सारलं. "कुनी न्हाय घातली," ती म्हणाली. "ती वाढलीया."

"वाढलीया म्हणजे?"

"तुमच्या नकाशात हितं माती आपसूक वाढती न्हवं? ही तीच. चार सालांची वाढ हाय, सायेब. मी घातली म्हणून लिवायचं असलं तर खुशाल लिवा. पर मग त्येच्याखाली ह्ये बी लिवा, की हितं माती वाढत नव्हती, जात हुती. दोनी लिवा, मी अंगठा देते."

रघुवीररावांची पेन्सील कागदावर टेकली आणि तशीच थांबली. ताल गुन्हा ठरवायची तर नकाशा खोटा ठरत होता. तालीच्या मागं बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या, एकही हसत नव्हती. रघुवीररावांनी पेन्सील खिशात घातली, कागदाची घडी केली आणि टांग्यात बसून गेले. पुन्हा आले नाहीत.

पुढच्या पावसात पाणी तालीशी अडलं. बाळाबाईच्या शेतातला मुरूम तिसऱ्या वर्षी झाकला, या खेपेला खरोखरीच्या मातीनं. मग आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला येऊ लागली. बाळाबाई प्रत्येकाला आधी विचारी, "तुमचं गाव नकाशात हिरवं हाय काय?" हिरवं आहे म्हटलं की म्हणे, "मग भ्यायचं न्हाय. कुदळी काढा. कोण गुन्हा लिवत न्हाय." अशी येळ्ळूरखेरीज आणखी नऊ गावं कुदळी घेऊन उठली.

पुढं सत्तेचाळीस साल उजाडलं. गोरा साहेब गेला, कचेरीवरचं निशाण बदललं, भिंतीवरचा नकाशा तोच राहिला. आता मी बाळाबाईच्या गोठ्यात पडून असतो, म्हातारीच्या हाताला अजून अधूनमधून लागतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या मोजणीदार होईल, कुणी नकाशे काढील. माझी एवढी विनवणी ऐका. गज वाचायच्या आधी त्याच्या बुडाशी बघा आणि तिथल्या माणसाला विचारा, बाबा रे, इथं कुणाचा हात लागलाय का? एक प्रश्न, फार तर दोन घटका वेळ. विचारायला कुणाचा नियम लागत नाही. नऊ गावं बाळाबाईच्या तोंडून शहाणी झाली. उरलेल्या तीस गावांपर्यंत तिचा शब्द पोचला नाही. ती कागदावर हिरवी राहिली, त्यांच्याकडं ताल घालायला कुणी गेलं नाही, आणि त्यांची माती ओढ्यानं गेली. त्या तीस गावांत कुणी मला कुंकू लावलं नव्हतं, कुणी भर घातली नव्हती. त्यांचा गुन्हा काय होता, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.